चिठ्ठी कोणी न्यायची

मार्चमधला दुसरा मंगळवार, दुपारी तीन. तक्रार निवारण समितीची दुसरी बैठक. हजर : जनरल मॅनेजर साहेब (अध्यक्ष), पर्सोनेल ऑफिसर, कामगारांकडून रिंगफ्रेम खात्याचे वामनभाऊ आणि वाइंडिंगच्या शेवंताबाई, तक्रारदार रंजना, ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते स्पिनिंग मास्टर, आणि इतिवृत्त लिहायला मी. गैरहजर : कोणी नाही.

या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत माझ्याकडे आहे. पहिल्या सात ओळी माझ्या अक्षरात आहेत. आठव्या ओळीपासून अक्षर बदलतं आणि पान भरेपर्यंत ओळी उजवीकडे चढत जातात. ते अक्षर वामनभाऊंचं. मध्येच पेन त्यांच्या हातात का गेलं, ते सांगायचं आहे.

मी हिंगणघाट रस्त्यावरच्या एका सूतगिरणीत टाइम ऑफिसात होते. टाइम ऑफिस म्हणजे गेटजवळची ती खोली, जिथे कोण आलं, कोण आलं नाही, कोण कुठल्या पाळीला, कोणाच्या जागी बदली कोण, हे ठरतं आणि लिहिलं जातं. माणसं मला टाइमबाई म्हणायची. मला याद्या करायला आवडतात, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी किराण्याची यादीसुद्धा मी दुकानातल्या मांडणीच्या क्रमानं करते, म्हणजे परत फिरावं लागत नाही. गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तेव्हापासून दर शनिवारी वामनभाऊंच्या ओसरीवर बसते आणि ज्यांना वरच्या माणसाकडून कामावर त्रास होतो त्यांचे अर्ज लिहून देते. वर्धा, सेलू, कुठून कुठून लोक येतात.

हे काम सोपं आहे. अर्जात चार गोष्टी लागतात : काय झालं, कधी झालं, कोणी पाहिलं, आणि तुम्हाला काय हवं. लोक या चार सोडून बाकी सगळं सांगतात. हिंगणीकडच्या एका विश्रामगृहाचा स्वयंपाकी आला होता. त्याचा साहेब त्याला पाहुण्यांसमोर ताट परत फेकून द्यायचा. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "बाई, सायबाचं नाव नका टाकजा. बाकी सगळं टाका."

"मग ताट कोणी फेकलं म्हणू?"

त्यानं बराच विचार केला. "ताट आलं, असं लिहा."

आम्ही हसलो, तोही हसला. शेवटी नाव टाकलं. त्याचं झालं बरं, पण ते पुन्हा कधी. लोकांना भीती असते, तिला नाव ठेवायचं नाही. मी स्वतः नऊ वर्षं 'ताट आलं' असंच लिहीत होते. फक्त माझा कागद रेघा आखलेला होता.

गिरणीत सूत निघालं की ते ठरलेल्या जाडीचं आहे का, हे सारखं तपासावं लागतं. त्या जाडीला काउंट म्हणतात. लॅबमधल्या बाया ठरावीक लांबीची लच्छी काढतात, वजन करतात, काउंट काढतात आणि चिठ्ठीवर लिहितात. ती चिठ्ठी सकाळी अकराला स्पिनिंग मास्टरकडे जायची. मास्टर म्हणजे कातण्याच्या खात्याचा सर्वांत मोठा माणूस, आणि लॅबही त्याच्याच हाताखाली. काउंट बरोबर असला तर तो मान हलवायचा. बिघडलेला असला तर चिठ्ठी आणणारीवर सुटायचा. खरं तर तिनं फक्त वजन केलेलं असायचं. बिघाड मशीनचा किंवा कापसाचा. ताप आला म्हणून थर्मामीटर आपटावा तसा प्रकार. शिव्या, आईबापाचा उद्धार, सूत गुंडाळलेला कोन भिंतीवर फेकणं, त्याचा चहा संपेपर्यंत टेबलापाशी उभं ठेवणं. हे खात्यात, पंधरावीस फिटर-मजुरांसमोर चालायचं.

मास्टरला कामाचं ज्ञान होतं, तेही सांगायला हवं. कानानं मशीन ओळखायचा. म्हणून वरचे कोणी त्याला बोलत नसत.

लॅबमध्ये चौघीपाचजणी. सुरुवातीला चिठ्ठी कोण नेणार यावरून त्यांच्यात रोज भांडणं व्हायची. "काल मी गेलती, आज तू जा." एकदा चिठ्ठ्या टाकून चिठ्ठी नेणारी ठरवली. मग त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, टाइमबाई, तुम्हीच लावून द्या. मी लावून दिलं. महिन्याचा तक्ता : 'मास्टरकडे चिठ्ठी नेण्याची पाळी'. लागोपाठ दोन दिवस कोणावर येणार नाही. ताप असेल तर सूट. गरोदर असेल तर सूट. घरी लग्न असेल तर आधीचे आठ दिवस सूट, कारण रडलेलं तोंड घेऊन मांडवात कसं जायचं. शेवटी शेऱ्याचा रकाना. कोणाला का सोडलं, हे मी त्यात लिहीत असे, म्हणजे नंतर कुरकुर नको. भांडणं थांबली. लॅबमधल्या बायांनी संक्रांतीला मला वाण दिलं. मला वाटलं, काम झालं.

कामाचा कुठलाही तक्ता असला की त्यावर जनरल मॅनेजरांची सही लागते. दर महिन्याच्या एक तारखेला बाकीच्या तक्त्यांच्या गठ्ठ्यात हाही जायचा आणि सही होऊन यायचा.

रंजना अल्लीपूरची. बी.एस्सी. झालेली, कामात नेटकी, बोलायला कमी. प्रोबेशनवर होती, एप्रिल उजाडायच्या आत ती कायम होणार किंवा घरी जाणार. घरात पगारी नोकरी करणारी ती पहिलीच. तिच्या गावाहून येणारी बस गेटवर थांबली की ती सगळ्यांत शेवटी उतरायची, पण हजेरीला सगळ्यांत आधी असायची. कसं ते मला कधी कळलं नाही.

एक दिवस साडेअकराला ती माझ्या खिडकीशी आली. हातात रुमाल, रुमालात कागदाचे तुकडे. काउंट बिघडला होता. मास्टरनं चिठ्ठी फाडून खाली टाकली आणि म्हणाला, उचल, जोड आणि सगळ्यांसमोर वाच. मोठ्यानं. शाळेत गेली होतीस ना? तिनं खाली बसून तुकडे गोळा केले, टेबलाच्या कडेवर जोडले आणि वाचले. फिटर पाहत होते. वाचून झाल्यावर ते तुकडे तिनं रुमालात बांधले आणि इकडे आली.

"मॅडम, मले अर्ज द्यायचा हाये."

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग माझ्या मते जे सर्वांत उपयोगाचं होतं ते केलं. तक्ता काढला. "हे बघ, या महिन्यात तुझी पाळी अजून चार वेळा आहे. ती मी काढते. कायम होईपर्यंत तुला चिठ्ठी न्यायची नाही."

ती तक्त्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "मंग त्या चार दिवशी कोणाले धाडता?"

मी तक्ता बाजूला ठेवला. कोरा कागद काढला आणि अर्ज लिहायला घेतला.

तक्रार निवारण समिती कायद्यानं असावी लागते; निम्मी माणसं मालकाकडची, निम्मी कामगारांची. आमच्याकडे ती कागदावर होती. मी तिची लिहिणारी, मताचा अधिकार नाही. अर्जाची पोच रंजनाच्या हातात दिली. अर्ज देणाऱ्यांना मी आजही पहिलं हेच सांगते : पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अर्ज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मास्टरनं तिच्या प्रोबेशनच्या कागदावर शेरा मारला : 'कामास योग्य नाही.' म्हणजे आता प्रश्न फाडलेल्या चिठ्ठीचा राहिला नव्हता. महिनाअखेर ती घरी जाणार होती.

पहिली बैठक वीस मिनिटांत आटोपली. मास्टर म्हणाला, मी कामासाठी बोलतो, मनात काही नसतं. पर्सोनेल ऑफिसर म्हणाला, मास्टर नऊ वर्षं इथे आहेत, लॅबमधून आजवर एकही तक्रार नाही. मग लॅबमधल्या बाकीच्या बायांना एकेक करून बोलावलं. प्रत्येकीनं तेच सांगितलं : "आमाले काई एवढा तरास नाई. कधीमधी बोलतात." त्या खोटं बोलत नव्हत्या. महिन्यातून पाचसहा वेळा, तेही ताप नसताना, लग्न नसताना. माझ्या तक्त्यानं तो त्रास इतका सारखा वाटून दिला होता की कोणाच्याच वाट्याला तक्रारीएवढा आला नव्हता. मी माझ्या हातानं इतिवृत्तात लिहिलं : 'आजवर एकही तक्रार नाही.' वाक्य खरं होतं. लिहिताना मला कळलं ते खरं का आहे.

त्या संध्याकाळी घरी न जाता मी कपाटातून जुने तक्ते काढले. नऊ वर्षांचे, महिन्यावार लावलेले, एकही गहाळ नाही. शेऱ्याचा रकाना वाचत गेले. 'ताप – वगळले.' 'पाचवा महिना – वगळले.' 'मागच्या पाळीला रडली, आठ दिवस विश्रांती.' 'कोन लागून बोट सुजले, पाळी बदलली.' सगळं माझ्या अक्षरात. प्रत्येक पानाखाली जनरल मॅनेजरांची सही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ते वामनभाऊंना दाखवले. वामनभाऊ तीस वर्षं रिंगफ्रेमवर, म्हणजे सूत कातणाऱ्या मशीनवर; कानानं जरा कमी ऐकतात म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलतात. या वेळी हळू बोलले.

"टाइमबाई, तुमी तं मार खायची हजेरी लावली."

"मी त्यांना वाचवत होते, वामनभाऊ."

"कोणाले? चौघीइले का मास्टरले?" मग पान उलटून सही बघितली. "हे मांडसाल तं पहिले तुमीच सापडसाल. समजते ना?"

"समजतं."

"मंग मांडा."

आता त्या मंगळवारचं. मी सात ओळी लिहिल्या आणि थांबले. अध्यक्षांना म्हटलं, मला साक्ष द्यायची आहे. जनरल मॅनेजर साहेब चांगले माणूस, आवाज न चढवणारे. म्हणाले, "धोटेबाई, तुम्हीच लिहिणार आणि तुम्हीच बोलणार?" बरोबर होतं त्यांचं. मी पेन आणि वही वामनभाऊंकडे सरकवली. त्यांनी चष्मा पुसला. सगळे त्यांचा चष्मा पुसून होईपर्यंत थांबले.

मी तक्ते टेबलावर ठेवले आणि शेरे वाचले. महिना, नाव, शेरा. आवाज मोठा नव्हता. शेवंताबाईंनी मध्येच पदर तोंडाला लावला. त्यांची धाकटी जाऊ त्या लॅबमध्ये होती, सुजलेल्या बोटाचा शेरा तिचा. तिनं घरी सांगितलं होतं, दारात बोट सापडलं.

पर्सोनेल ऑफिसर म्हणाला, "म्हणजे हे सगळं तुम्ही चालवलंत."

"हो. मी चालवलं. तेही लिहा, वामनभाऊ."

"लिवलं," वामनभाऊ म्हणाले.

साहेबांनी एक पान हातात घेतलं, खालची सही पाहिली. "अहो, मी तर गठ्ठ्यातल्या सगळ्याच कागदांवर सही करतो."

वामनभाऊ लिहू लागले आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत गेले, "साहेब म्हणाले... गठ्ठ्यातल्या... सगळ्याच... कागदांवर..." साहेब म्हणाले, ते वाक्य राहू द्या. वामनभाऊंनी विचारलं, "राहू द्या म्हंजे ठेवू, का राहू द्या म्हंजे खोडू?"

साहेबांनी हातातलं पान परत गठ्ठ्यावर ठेवलं. वाक्य इतिवृत्तात आहे.

मग वामनभाऊंनी पेन खाली ठेवलं. "सायेब, माह्या समजुतीप्रमाणं सांगतो. ताप आलेल्या बाईले मास्टरकडं धाडू नये, पोटुशीले धाडू नये, हे कंपनीले नऊ वर्सं माईत होतं. सहीच हाये. मंग बाकीच्याइले काऊन धाडलं?"

मास्टर पहिल्यांदाच खाली पाहत होता. मला वाटतं, असा तक्ता असतो हे त्याला त्या दिवशीच कळलं. म्हणाला, "मला कोणी सांगितलं का नाही?"

रंजना म्हणाली, "मी वाचून दाखोली ना. मोठ्यानं."

साहेबांनी मग आपल्याकडे नेहमी होतं तसं केलं. चहा मागवला. म्हणाले, मास्टर माफी मागतील, शेरा आपण बघू, विषय इथे संपवू. आपल्या भागात भांडण चहावर मिटतं, आणि बरीच भांडणं मिटण्यासारखी असतातही. मास्टर उठून उभा राहिला, म्हणाला, चुकलं. मला तो खोटा वाटला नाही. चहा आला. रंजनाच्या पुढ्यात कप ठेवला. तिनं घेतला नाही.

"माफी त्याइची झाली, सायेब. कागद कंपनीचा पायजे."

"कसला कागद?"

तिनं घडी घातलेला कागद काढला. मी तिला सांगितलं होतं, काय हवं ते लिहून आण. तिनं चार ओळी लिहिल्या होत्या. एक, शेरा रद्द आणि माझं काम दुसऱ्या कोणीतरी तपासावं. दोन, कोणीच चिठ्ठी घेऊन जायचं नाही. तीन, हे कंपनीला माहीत होतं आणि थांबवणं कंपनीचं काम होतं, असं कंपनीनं लिहून द्यावं. चार, ज्या बाया याआधी लॅब सोडून गेल्या, त्यांच्या नोकरीच्या दाखल्यांवर मास्टरचे शेरे आहेत, ते काढून कंपनीनं त्यांनाही असंच पत्र द्यावं.

चौथी ओळ मी सुचवली नव्हती. मला सुचलीच नव्हती.

तिसऱ्या ओळीवर दोन आठवडे गेले. पर्सोनेल ऑफिसरनं 'माहीत होते' च्या जागी 'माहीत असण्याची शक्यता होती' असं करून आणलं. वामनभाऊ म्हणाले, "नऊ वर्सं सही करायची शक्यता होती का?" वर्ध्याच्या कामगार कार्यालयात द्यायचा अर्ज मी तयार ठेवला होता, पाकिटावर पत्ता घालून, साहेबांना दिसेल असा. तो द्यावा लागला नाही. महिना संपायला दोन दिवस असताना पत्रावर सही झाली. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि मग सही केली. एवढा बदल तर माझ्या डोळ्यांदेखत झाला.

रंजनाचं काम दुसऱ्या पाळीच्या असिस्टंटनं तपासलं. ती कायम झाली. पेढे आणले होते. मास्टरच्या टेबलावरही ठेवून आली, हे मला फिटरांनी सांगितलं. मास्टरकडे आता मशीनची देखभाल आहे, हाताखाली माणसं नाहीत. वामनभाऊ म्हणतात मशीन खूश आहेत. आणि चिठ्ठी? लॅबच्या खिडकीत एक ट्रे ठेवला आहे. जो कोणी नवा मास्टर असेल तो येतो आणि घेऊन जातो. एवढंच. एक ट्रे. सूत काही बिघडलं नाही.

लोक विचारतात, सारखं हेच ऐकून मन खट्टू नाही का होत? होत नाही. शनिवारी ओसरीवर बसते तेव्हा अर्जात आता पाचवी गोष्ट लिहून घेते : मालकाला हे कधीपासून माहीत आहे, आणि कशावरून. माणसं म्हणतात, त्याचा पुरावा कुठून आणू? मी म्हणते, कामाच्या ठिकाणी तुम्ही एकमेकांना वाचवायला काय करता, ते सांगा. कोणाची ड्युटी बदलता, कोणाला एकटं पाठवत नाही, साहेब कुठल्या मूडमध्ये आहे हे फोनवर कसं कळवता. पुरावा तिथेच असतो. बहुतेक वेळा निघतो. गेल्या वर्षभरात बरेच अर्ज मार्गी लागले, काही अडकले, एकानं मागे घेतला. ठीक चाललं आहे.

राहिली चौथी ओळ. ते काम समितीनं माझ्याकडे दिलं, कारण नावं माझ्याच तक्त्यांत होती. लॅब सोडून गेलेल्या पाचजणी निघाल्या. चौघींना मी स्वतः पत्र नेऊन दिलं. एकीनं दारातच वाचलं आणि नवऱ्याला हाक मारून वाचायला दिलं. एक म्हणाली, आता काय करायचं याचं, आणि तरी फाइलमध्ये लावलं.

पाचवी सुनंदा. पाच वर्षांपूर्वी ती लॅबमध्ये जेमतेम सव्वा महिना टिकली. आता तळेगाव श्यामजी पंतला असते. घरचा भाजीपाला, बाजाराच्या दिवशी स्वतः विकायला बसते. तिचा तक्ता काढला तेव्हा तिच्या नावापुढे रोज खूण होती, पूर्ण महिनाभर, आणि शेऱ्यात माझं अक्षर : 'नवीन आहे, सवय होईपर्यंत रोज जावे.' त्या महिन्यात एकीचं बाळंतपण होतं, एक तापानं रजेवर, एकीच्या भावाचं लग्न. तिघींना सूट दिली होती. उरलेले दिवस कोणाला तरी द्यायचे होते, आणि ती नवी होती, कुरकुर करत नव्हती.

मी फोन केला. कंपनीचं पत्र आहे, आणून देते, म्हटलं.

"पत्र ठेवा तिकडंच, टाइमबाई," ती म्हणाली. मागे बाजाराचा गलबला होता. कोणाला तरी तिनं वांग्यांचा भाव सांगितला, मग परत बोलली. "तुमी येजा. च्या पिऊन जाजा. पर मास्टरचं नका सांगजा, ते मले माईत हाये. तुमी मले रोज काऊन धाडलं, तेवढं सांगाले या."

पत्र तयार आहे, सही-शिक्क्यासह. बसची वेळ लिहून घेतली आहे, तिचा बाजाराचा दिवस सोडून कुठले दिवस मोकळे तेही विचारून ठेवलं आहे. यादीत चार नावांपुढे बरोबरची खूण आहे. तळेगावला जायचं अजून राहिलं आहे.